भय्यासाहेबांसमोर लिहिलेलं नाव

मतदाराचे नाव: कुंदा अतुल पुराणिक.
वय: सदुसष्ट.
पत्ता: विजय नगर, जबलपूर.
दोन हजार तीनच्या यादीतील नाव:

इथे पेन अडलं. त्या जुन्या यादीत कुंदा नावाची बाईच नव्हती. सासरे भय्यासाहेब होते, नवरा अतुल होता आणि त्याच्याखाली होती विनता, वय पंचेचाळीस.

विनता म्हणजे कुंदाच. लग्नात अतुलरावांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि ती घरात विनता झाली. शाळेच्या हजेरीपटावर, पगारपत्रकावर मात्र कुंदाच राहिली. बेचाळीस वर्षं दोघी एकाच साडीत सुखानं नांदल्या. आता मतदार यादीच्या फेरतपासणीत सरकारला त्यातली एकच पाहिजे होती.

(रकाना कोरा सोडू नये.)

तिनं लिहिलं, विनता. पंधरा दिवसांनी अनुपम दारात. हा घरोघर फॉर्म वाटणारा मास्तर, दमून अर्धा झालेला.

"मॅडमजी, नोटीस है. ऐप में मैच नहीं हुआ."

"अरे भैया, मैं ही विनता हूँ."

"मैं तो जानता हूँ. ऐप नहीं जानता."

सुनावणीत पटवून दिलं नाही तर नाव कटणार होतं. कुंदाबाईंनी शिक्षिका म्हणून अकरा निवडणुका केल्या होत्या. हजारो बोटांना शाई लावली होती. आता त्यांचंच बोट कोरं राहणार!

"काहून चिडून राहिली?" अतुलराव म्हणाले. ते स्वतः यादीत बिनचूक सापडले होते, त्यामुळे प्रसन्न होते.

"तुम्ही तांदळात रेघोट्या ओढल्या, मी निस्तरून राहिली. नाही चिडू तर काय करू?"

"बाबांनी सांगितलेलं नाव होतं ते."

"माहीत आहे!"

दीड महिन्यानं, सुनावणीच्या दिवशी अतुलराव निळी फाईल घेऊन निघाले. त्यांच्या फॅक्टरीतल्या नोकरीचे सगळे कागद त्यात.

"तुम्हाला कोणी बोलावलंय?"

"असू दे."

दोन तास प्लास्टिकच्या खुर्च्या. मग सुनावणी घेणारा साहेब. तिशीचा, सभ्य, आणि म्हणूनच जास्त वैताग आणणारा. कुंदाबाईंनी मॅट्रिकचं प्रमाणपत्र, आधार, पेन्शनचं पुस्तक, सगळं टेबलावर मांडलं.

"ये सब तो कुंदाजी के हैं," साहेब म्हणाला. "कुंदाजी तो मिल रही हैं. विनताजी नहीं मिल रहीं."

"दोनों मैं हूँ."

"विनताजी का कोई कागज?"

"विनता का कागज कैसे होगा? वो घर में रहती थी!"

मागच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. साहेबही ओशाळला आणि त्यानं दुसरा फॉर्म पुढे सरकवला. "ऐसा करिए, नया नाम जुड़वा लीजिए. आसान पड़ेगा."

नवीन मतदार. सदुसष्टाव्या वर्षी. खाली प्रतिज्ञा: माझे नाव यापूर्वी कोणत्याही यादीत नव्हते. खाली सही.

(खोटी माहिती देणे गुन्हा आहे.)

"ये झूठ है. मैं नहीं लिखूँगी."

"मॅडम, उस वक्त लिखनेवाले ने ही गलती की होगी. अब हम क्या करें?"

कुंदाबाईंनी तो फॉर्म परत सरकवला. अतुलरावांनी मान खाली घातली. त्यांना माहीत होतं.

"लिखनेवाली मैं थी," त्या म्हणाल्या.

झालं होतं असं. त्या वर्षी यादीचं काम शाळेकडे आलं आणि आपलीच गल्ली कुंदाबाईंच्या वाट्याला आली. सगळी घरं झाल्यावर त्या स्वतःच्या घरात कागद घेऊन बसल्या. भय्यासाहेब झोपाळ्यावर. सुपारी कातरत मोठ्या ऐटीत म्हणाले, "लिहा बाई. सून, विनता." सगळे हसले. त्या दिवशी त्या घरात सरकार म्हणजे कुंदाबाईच होत्या. रकाना त्यांचा, पेन त्यांचं. समोर सासरे. "बाबा, कागदावर माझं नाव कुंदा आहे," एवढंच म्हणायचं होतं. तोवर शेजारच्या प्रत्येक सुनेला त्यांनी बजावलं होतं, शाळेच्या दाखल्यावरचंच नाव सांग. स्वतः मात्र निमूट विनता लिहिलं. ठळक अक्षरात. भय्यासाहेब गेल्यावर मतदार कार्डावर कुंदा करून घेतलं आणि वाटलं, संपलं.

"तो ये लिखकर दे दीजिए," साहेब म्हणाला. "पर साथ में विनता नाम का कुछ तो लगेगा. फोटोवाला."

कुंदाबाई वळल्या. निळी फाईल अतुलरावांच्या मांडीवर होती.

"तुमच्या पेन्शनच्या कागदावर जोडीचा फोटो आहे नं?"

"हो."

"खाली काय लिहिलंय?"

त्यांनी सावकाश फाईल उघडली, सावकाश चष्मा लावला. "पत्नी, विनता. फॅक्टरीचा शिक्का आहे."

"आणि हे तुम्ही आता सांगून राहिले? दोन महिन्यांनी?"

"तू कुठे विचारलं?"

साहेबानं जोडीचा फोटो पाहिला, आधार पाहिलं, मग समोरची संतापलेली बाई पाहिली. हनुवटीवरचा तीळ तिन्हीकडे एकाच जागी होता. "यही रोज करना पड़ रहा है," तो पुटपुटला आणि शेरा लिहू लागला. कुंदाबाईंनी निवेदन लिहिलं. सासऱ्यांसमोर माझी हिंमत झाली नाही, हे वाक्य हिंदीत लिहिताना पेन पुन्हा थांबलं. मग त्यांनी ते लिहिलंच, ठळक अक्षरात.

"पावती," त्या म्हणाल्या.

"नाम रहेगा, मॅडम. मैंने चढ़ा दिया."

"मैंने ग्यारह चुनाव किए हैं. पावती. शिक्के के साथ."

पावती मिळाली. कुंदा अतुल पुराणिक, नाव कायम. त्यांनी ती दोनदा वाचून पर्समध्ये ठेवली.

बाहेर अतुलरावांनी ऑटो थांबवला. "चल विनता, सदर बाजारात जाऊ. जलेबी खाऊ."

त्या उभ्याच.

"विनता! ऐकून नाही राहिली का?"

ऑटोवाला दोघांकडे बघत होता. अतुलराव दोनदा खाकरले. बेचाळीस वर्षांत तोंडी न बसलेलं नाव त्यांनी अखेर उच्चारलं, अगदी हळू. "कुंदा?"

"जरा मोठ्यानं," कुंदाबाई म्हणाल्या.