खड्ड्यात घालायचं मीठ

माझ्या सासूबाई, आवडाबाई, गप्प बसल्या की मला धडकी भरायची. भांडत असल्या तर काही नाही. भांडणारी बाई कुठं चाललीय ते दिसतं तरी. पण त्या गप्प झाल्या, पदर खोचला आणि "बरं हो, तुमचं तुम्हाला ठाऊक" म्हणाल्या, की समजावं, आता ह्यांनी मनात काहीतरी ठरवलं आणि ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते बदलायचं नाही.

आमचं घर रत्नागिरीत, मांडवीच्या वरच्या अंगाला, जांभ्याच्या उतारावर. घरात माणसं तीनच. सासूबाई, मी आणि पाळण्यातली कमळा. आमचे हे आगबोटीच्या इंजिनावर कामाला. नाव केरू. आता ह्या वयात नाव घेतलं म्हणून कोण मला टोकणार आहे? वर्षाकाठी एकदा घरी यायचे, महिनाभर राहायचे आणि त्या महिन्यात घरात काहीतरी नवं करून ठेवायचे. मग ते सांभाळत बसायचं आम्ही दोघींनी.

सन छत्तीसच्या शिमग्याला आले ते डोक्यावर भलं मोठं खोकं घेऊनच. आत विजेचा पंखा. काळा, लोखंडी, उचलताना जात्याची आठवण व्हावी इतका जड. त्या सालीच आमच्या वाटेवर विजेचे खांब लागले होते आणि ह्यांना घाई झाली होती. लेक जन्मली तेव्हा हे समुद्रावर होते, तिचं तोंड पाहिलं नव्हतं. कमळेला अंगभर घामोळं उठलंय हे कुणाकडून तरी कळलं होतं, म्हणून हा पंखा. मी म्हटलं, "अहो, वारा घालायला विंझणा आहे घरात." तर म्हणाले, "विंझणा तू हलवणार. मी लांब असताना मला काय करता येतं तिच्यासाठी?" मी आपली चूल फुंकायला गेले. डोळे भरले ते धुरानं, असं म्हटलं.

वायरमन आला काशीराम. मुंबईत गोदीवर काम शिकलेला, हाताचा हुशार आणि जेवणाचा भारी शौकीन. त्यानं घरात तारा ओढल्या, बटणं बसवली आणि मग म्हणाला, "आता मागल्या दारी पुरुषभर खड्डा. अर्थिंगचा."

सासूबाई म्हणाल्या, "पंखा ओटीवर आणि खड्डा मागल्या दारी? तो कशाला रे बाबा?"

ह्यांनी आईला समजावलं. इतक्या मायेनं मला कधी काही समजावलं नाही हो. "आये, वीज तारेतून येते, काम करते आणि तारेतूनच परत जाते. पण पंख्याच्या पोटात काही बिघडलं, तर ती बाहेरच्या लोखंडात उतरते. मग त्याला जो हात लावील त्याच्या अंगातून ती जमिनीत जायला बघते. म्हणून पंख्याच्या लोखंडालाच एक तार बांधायची आणि ती खोल जमिनीत पुरायची. वीज बिघडली की त्या तारेनं जमिनीत पळते, फ्यूज उडतो, पंखा बंद. माणसाच्या वाट्याला जात नाही."

"म्हणजे तिला मागलं दार करून द्यायचं."

"तसंच."

"मग दे की करून. मी कुठं नको म्हटलं?"

खड्डा खणायला दोन गडी लागले. जांभा तो, पहार मारली की ठिणगी उडायची. खड्डा झाला, तळाला पत्रा ठेवला, त्याला तार जोडली, आणि काशीराम म्हणाला, "काकी, आता कोळसा आणि जाडं मीठ द्या. चांगलं टोपलंभर."

"मीठ?" सासूबाई उठून उभ्याच राहिल्या. "खड्ड्यात?"

"आपला कातळ सुका. वैशाखात नुसता भाजून निघतो. सुकी जमीन वीज घेत नाही, काकी. मीठ-कोळशानं ओल धरून राहते."

"अरे, पण मीठ मातीत टाकतात काय कोण? एक खडा सांडला तर मेल्यावर देव पापण्यांनी वेचायला लावतो. आणि तू टोपलंभर मागतोस!"

काशीराम हसला. हे पण हसले. तेच चुकलं त्यांचं. म्हातारीसमोर हसू नये एवढी अक्कल बोटीवर कुणी शिकवीत नसावं. सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बरं हो, तुमचं तुम्हाला ठाऊक. पानं वाढलीत, जेवून घ्या. सुरमईचं कालवण निवेल. खड्डा मी भरते."

झालं! सुरमईचं नाव ऐकल्यावर काशीराम कुठला थांबतो? दोघे पानावर बसले ते पोट तट्ट होईस्तोवर. मी वाढत होते, कमळा माझ्या खांद्यावर. मागल्या दारी टोपली ओतल्याचा आवाज येत होता. हात धुऊन दोघं जाऊन बघतात तर वर पांढरंशुभ्र मीठ पसरलेलं, त्यावर माती लोटायचं तेवढं बाकी. काशीराम म्हणाला, "वा काकी, झकास! आता रोज कळशीभर पाणी ओता इथं." सासूबाईंनी मान डोलावली. आणि खरंच, एक दिवस चुकवला नाही त्यांनी. तुळशीला घालावं तसं त्या खड्ड्याला पाणी घातलं.

हे बोटीवर परत गेले. पंखा फिरायला लागला. पाळण्याजवळच्या घडवंचीवर तो ठेवलेला, आणि कमळा त्याच्याकडे बघून एकटीच हसायची. सासूबाई पहिल्यांदा लांब बसायच्या, मग हळूहळू सरकत सरकत वाऱ्यात आल्या. एके दुपारी बघते तर पंख्यापुढे पाय पसरून घोरतायत! मी पदरात हसू लपवलं. पण त्या उठल्या तेव्हा माझं तोंड बघून म्हणाल्या, "हसतेस काय? लेकाचा वारा हाय तो."

वैशाख लागला. सकाळी सासूबाईंनी ओटी शेणानं सारवली होती, जमीन अजून ओली होती. मी न्हाणीजवळ मासे धूत होते, इतक्यात कमळा रडायला लागली. हात तसेच ओले घेऊन धावले. तिला उचलून कडेवर घेणार, पण म्हटलं आधी पंखा तिच्याकडे वळवावा, वाऱ्यानं गप्प झाली तर झाली. म्हणून पंख्याला हात घातला.

पुढचं काय सांगू? हात सुटेना. तोंडातून शब्द फुटेना. सगळं अंग कुणीतरी आवळून धरल्यासारखं झालं आणि डोळ्यांसमोर पाळणा, त्यात रडणारी माझी पोर. ती रडतेय हे दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

सासूबाई उखळाशी होत्या. माझं तोंड पाहिलं मात्र, हातातलं मुसळ तसंच घेऊन आल्या आणि असं हाणलं त्या पंख्याला की तो घडवंचीवरून उडून भिंतीवर आदळला. तार तुटून आली. मी खाली कोसळले. हात काळानिळा, दातखीळ बसलेली, पण जिवंत. सासूबाईंनी माझं डोकं मांडीवर घेतलं आणि गो, गो करत नुसत्या माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. ती बाई मला लग्न होऊन आल्यापासून कधी "मालन" म्हणून नीट हाक मारीत नसे, "ए" नाहीतर "अगो." त्या दिवशी किती वेळा माझं नाव घेतलं त्यांनी, मालन गो, मालन बाय माझी. आणि मला एकच सुचत होतं, की कमळा कडेवर असती तर?

शेजारचा भागोजी धावत जाऊन काशीरामला घेऊन आला. काशीरामनं आधी मला पाहिलं, मग पंखा उघडून पाहिला. खाऱ्या हवेनं आतल्या तारेवरचं कापड सादळून गेलं होतं. "वीज लोखंडात उतरली ते ठीक," तो म्हणाला, "पण फ्यूज का नाही उडाला? अर्थिंग कशाला केलंय मग?" त्यानं एक दिवा घेतला, त्याची एक तार विजेला लावली आणि दुसरी खड्ड्यातून आलेल्या तारेला. दिवा लागला, पण कसा? वात संपत आलेल्या पणतीसारखा, लालसर, मिणमिण.

"जमीन घेतच नाही वीज," काशीराम डोकं खाजवत म्हणाला. "आणि मी तर टोपलंभर मीठ घातलं होतं!"

माझा राग नाकावरच असतो, मरणाच्या दारातून आले तरी तो तिथंच होता. मी म्हटलं, "तुम्ही कधी घातलंत हो? तुम्ही सुरमई घालत होतात पोटात!"

कोपऱ्यात कमळेला घेऊन बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "त्यात मीठ नाय."

काशीराम वळून मागल्या दाराकडे बघायला लागला.

"वरचं तेवढं मूठभर मीठ. खाली कोळसा हाय आणि पांढऱ्या समुद्राच्या किनाऱ्यावरची पांढरी वाळू हाय. अंगणात घालायला आणून ठेवलेली."

"काकी!" काशीराम ओरडला. "अहो, जीव गेला असता वहिनींचा! एका मिठापायी?"

"ओरडू नका त्यांच्या अंगावर," मी म्हटलं. माझं मलाच नवल वाटलं. मला भांडायचं होतं हो, चांगलं कडाडून भांडायचं होतं. पण सासूबाईंचा चेहरा बघितला आणि मी एवढंच विचारलं, "का आई?"

"केरूनं करायला सांगितलं ना खड्ड्याचं? मग ते पाप त्याच्या माथी गेलं असतं. इंजिनाच्या धगीनं त्याचे डोळे बघितलेस ना, कसे लाल झालेत? ह्या जन्मी आग बघायची आणि मेल्यावर त्याच पापण्यांनी टोपलंभर मीठ वेचायचं? माझ्या लेकानं?" त्यांचा आवाज फुटला. "मला काय ठाऊक गो, त्याचे डोळे वाचवायला गेले आणि तुझ्या जिवावर उठले."

मग त्यांनी कमळेला माझ्याकडे दिलं, माळ्यावर चढल्या आणि मिठाचं पोतं खाली ओढलं. अख्खं. त्यातला एक खडाही आमटीत घातला नव्हता त्यांनी. खड्ड्याच्या वाट्याचं म्हणून वेगळं ठेवलेलं.

खड्डा उकरला. काशीराम टोपलीला हात घालणार, तर त्याच्या हातावर फटका बसला. "तू नाय. तुला पोरंबाळं हायत. ज्याच्या हातानं पडतं त्यालाच वेचावं लागतं. मी ओतते." आणि ओंजळी भरभरून त्या ओतायला लागल्या. ओठ हलत होते. देवाला काहीतरी सांगत असाव्यात.

मी कमळेला काशीरामच्या हातात कोंबलं. तो बिचारा घाबरला, स्वतःची पोरं असूनही पोर कशी धरतात ते त्याला ठाऊक नव्हतं. मी खड्ड्याशी बसले आणि दोन्ही हात पोत्यात घातले.

"अगो, तू कशाला? सोड!"

"एवढं मीठ एकटीनं वेचायला कधी संपायचं, आई? दोघी मिळून वेचू. तेवढ्याच गप्पा होतील."

त्या रडतही होत्या आणि मला शिव्याही देत होत्या. मी मुळीच ऐकलं नाही. मीठ, कोळसा, मीठ, कोळसा असा खड्डा भरला आणि वर चार कळश्या पाणी ओतलं. काशीरामनं पुन्हा दिवा लावून पाहिला. लख्ख उजेड पडला, दिवसाढवळ्या डोळे दिपावेत असा. मग त्यानं दिवा काढला, तोच बिघडलेला पंखा तारेला जोडला, आम्हाला लांब उभं केलं आणि बटण दाबलं. फट् करून फ्यूज उडाला. पंखा गप्प. काशीरामनं खुशाल त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघा! अर्थिंगनं काम केलं. मघाशी असंच व्हायला हवं होतं. मग वहिनी नुसत्या म्हणाल्या असत्या, मेला पंखा बंद पडला."

मी हात धुवायला न्हाणीकडे निघाले तर सासूबाईंनी मनगट पकडलं. माझ्या ओल्या तळहाताला, बोटांच्या बेचक्यांत मिठाचे खडे चिकटले होते. त्यांनी ते एकेक करून नखानं सोडवले, आपल्या हातात घेतले आणि खड्ड्यावर जाऊन स्वतःच्या हातानं टाकले. काळ्यानिळ्या हाताला दुखू नये म्हणून मध्ये मध्ये फुंकर घालत होत्या.

"एवढे तरी माझ्या हातचे राहू दे," त्या म्हणाल्या. मी हात तसाच पुढे धरून उभी राहिले.