कच्चा पासवर्ड

मितेशने वडिलांचा मोबाइल चार्जरवरून काढला, लॅपटॉपशेजारी ठेवला आणि आईला समोरच्या खुर्चीत बसवलं. पासवर्ड सांभाळणारं जुनं ॲप महिनाअखेरीला बंद होणार होतं. त्यातलं सगळं नव्या ॲपमध्ये न्यायचं होतं, नाहीतर तारकर्लीतल्या त्यांच्या दोन खोल्यांचं बुकिंग बघणार कसं? वडील, दत्ताराम, जाऊन तीन महिने झाले होते. आता हे आईला, सावित्रीलाच शिकावं लागणार होतं, आणि ती तर आजवर मोबाइलला फोन घेण्यापुरताच हात लावत आलेली.

यादी उतरली आणि नव्या ॲपने लगेच कुरकुर सुरू केली. पासवर्ड कच्चा आहे, ताबडतोब बदला.

“सतरा ठिकाणी एकच!” मितेश हसला. “बँक, लाइटबिल, बुकिंग... बाबांनी कमालच केल्यानी.”

त्याने झाकलेली अक्षरं उघडली आणि त्याचं हसू विरलं. मग त्याने लॅपटॉप हळूच स्वतःकडे वळवून घेतला.

“काय झाला?”

“काय नाय. सगळे बदलूक व्हये.”

“दाखव माका.”

“आये, बाबा आता नाय आसत. जुन्यो गोष्टी कित्याक उकरूच्यो?”

सावित्री उठून त्याच्या मागे आली. इंग्रजी अक्षरं तिने बोट लावून एकेक करत वाचली. मथुरा, आणि पुढे एक दोन तीन. पोरगा बापाचं लफडं झाकत होता. एरवी ती पोट धरून हसली असती.

“ती मीच रे,” ती म्हणाली. “लग्नाआदली.”

मितेशला ठाऊक असणार कसं? माहेरी तिला सगळे बायच म्हणत. लग्नात दत्तारामने अंगठीने तांदळात ‘सावित्री’ लिहिलं आणि मथुरा संपली. पहिल्याच आठवड्यात तिने भीत भीत मागून घेतलं होतं, दोघंच असलो की जुन्या नावाने हाक मारा. तो हो म्हणाला होता. मग घरात सासू-सासरे, मग पोरं, मग पर्यटक. हाक यायची ती ‘गो’ नाहीतर ‘ऐकलंस?’ एवढीच. शेवटच्या दुखण्यातही तिने वाट पाहिली होती. आणि हा माणूस सतरा ठिकाणी तिचं नाव टाइप करून बसला होता, तोंडाने मात्र एकदाही नाही. तिला त्याचा इतका राग आला की डोळे वाहू लागले. बाराव्यालाही ती अशी रडली नव्हती.

मितेशने कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

“मग रवांदे, आये. नको बदलूया.”

“बदलूक व्हयो तर बदल.” तिने पदराने तोंड पुसलं. “पण आदी एकदा मोठ्यान वाच.”

“काय?”

“नाव.”

त्याने आईकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. घसा खाकरला.

“मथुरा.”

“ओ,” ती म्हणाली.