रेघेचा आवाज

आमच्या घरात सध्या कोणाचंच वय धड नाही. लेक सोळाची, मी एकोणपन्नासची, बाबा चौऱ्याहत्तरचे. लेकीला आम्ही ठिणगी म्हणतो, कारण तिला काहीही विचारलं तरी भडका उडतो. माझ्या अंगातून मध्येच वाफा निघतात आणि मला वाटतं, सगळं सोडून कुठेतरी निघून जावं. कुठे ते विचारू नका, ते ठरलं असतं तर गेलेच असते. आणि बाबांच्या पायाला भिंगरी लागलेली. दुकानाच्या दारापर्यंत जायचं, परत यायचं, भिंतीला टेकवलेल्या काचांवरून बोट फिरवायचं, पुन्हा दार.

आमचं काचेचं दुकान आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, टेबलांवरच्या काचा. खाली दुकान, वर घर, त्यामुळे भांडण अर्धवट राहिलं तर जिना चढून पुरं करता येतं.

त्या आठवड्यात बाबांनी टेबलाच्या तीन काचा वाया घालवल्या. पन्नास वर्षं हाच धंदा केलेला माणूस! काच कापायला आमच्याकडे हिरा वापरतात. पेनासारखं हत्यार असतं, टोकाला बारीक चाक. पट्टी लावायची, हिऱ्याने एकच रेघ ओढायची, मग टेबलाच्या कडेवर काच दाबली की रेघेवर मोडते. बाबांच्या काचा रेघ सोडून भलतीकडेच मोडत होत्या. हात थरथरत नव्हता, नजरही ठीक होती. मग राहिलं काय? डोकं.

तसं वाटायला आणखीही कारण होतं. हल्ली त्यांना काहीही विचारलं की एकच उत्तर, "बघू." जेवताय का? बघू. गिऱ्हाइकाचा फोन आला होता का? बघू. पूर्वी एका प्रश्नाला चार उत्तरं देणारा माणूस हा.

दादाला फोन केला. तो दूर राहतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. "साठी बुद्धी नाठी म्हणतात, बाबांची तर साठी उलटूनही जमाना झाला," तो म्हणाला. "त्यांना दुकानात येऊच देऊ नकोस. वर बसव, टीव्ही लावून दे."

मला त्याचा राग आला. मग मी नेमकं तेच केलं. टीव्हीचं सोडा, पण बाबांचा हिरा मी खणात ठेवून कुलूप लावलं. विसराळूपणाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आणि बाबांना सांगितलं, नेहमीची तपासणी आहे. म्हटलं, "बाबा, आजपासून तुम्ही गल्ल्यावर बसा. कापायचं मी बघते."

"बघू," बाबा म्हणाले.

बसतात कसले! सकाळभर त्यांनी हिरा शोधला. फडक्याखाली, खिडकीत, स्वतःच्या खिशात चार-चार वेळा. मला विचारलं मात्र नाही. मी समोर एका आरशाचं काम घेऊन बसले होते आणि माझा हात चालत नव्हता. डॉक्टर जे सांगणार ते मी मनात ऐकून चुकले होते. मग हे टेबल रिकामं होणार, आणि टेबल नसलं तर या माणसाचं करायचं काय, हे मला सुचत नव्हतं. बाबांना मी टेबलाशिवाय पाहिलेलंच नाही.

दुपारी ठिणगी शाळेतून आली, दप्तर आपटलं आणि खुर्चीत आडवी झाली. बाबा पाठमोरे उभे राहून काचांमागे वाकून बघत होते. ती पुटपुटली, "हे म्हातारं काय उंदीर पकडतंय का?"

माझा तिळपापड झाला. "आजोबांबद्दल असं बोलतेस? त्यांनी ऐकलं असतं तर?"

"ऐकत नाहीत ते."

"म्हणजे?"

"अगं आई, मी रोज त्यांच्यामागे काही ना काही बोलते. आधी लगेच वळून ओरडायचे. मला मजा यायची. आता कितीतरी महिने काहीच नाही. तोंडासमोर बोललं तरच कळतं त्यांना. आणि नाही कळलं की 'बघू' म्हणतात." तिने खांदे उडवले. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. मी उठले, खण उघडला, हिरा काढला. टाकाऊ काचांतला एक तुकडा घेऊन बाबांच्या पाठीमागच्या टेबलावर ठेवला आणि रेघ ओढली. रेघेचा आवाज कापड फाडल्यासारखा येतो, सलग. तो ऐकून काचवाल्याने मान वळवली नाही असं होत नाही. काचवाला आवाजावरच कापतो. जोर कमी पडला तर आवाज येत नाही, जास्त झाला तर किरकिर येते. डोळ्यांना दिसायच्या आधी कानाला कळतं, काच सरळ मोडणार की नाही.

बाबांनी मान वळवली नाही.

मी आणखी एक रेघ ओढली. आणखी एक. मला रडू येत होतं आणि हसूही, कारण डोकं शाबूत होतं. माझंच ठिकाणावर नव्हतं.

शेवटी ते आपणहून वळले. माझ्या हातातला हिरा पाहिला, तुकड्यावरच्या रेघा पाहिल्या, माझं तोंड पाहिलं. त्यांना सगळं समजलं.

मी त्यांच्यासमोर जाऊन मोठ्याने विचारलं, "कधीपासून?"

"झाली दोन वर्षं. आधी फोन ऐकू येईना. मग हिरा."

"सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू हिरा काढून घेतला असतास."

"तसाही घेतलाच."

"मग काय," बाबा म्हणाले, "फुकट मूग गिळून बसलो."

ठिणगी खिदळली. बाबांनी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तेव्हा ती गप्प झाली, पण खूश दिसली.

मी म्हटलं, डॉक्टर बदलू, कानाचं यंत्र बसवू. "ते बसवू गं," ते म्हणाले, "पण ते आवाज मोठा करेल, रेघ ओळखेल की नाही कोण जाणे. बोटाला कळायला हवं. चाक काचेवरून जातं ते हाडात जाणवतं थोडं. मी शिकतोय. पण बरोबर आली की चुकली, हे मला सांगायला कोणी नाही. काच मोडल्यावर कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो." त्यांनी हात पुढे केला. "मी ओढतो. तू ऐक."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी हा माणूस शिकत होता, आमच्यापासून लपवून, गिऱ्हाइकांच्या काचांवर! मला ओरडावंसं वाटलं. मी हिरा त्यांच्या हातात दिला.

टाकाऊ काचांतली एक मोठी काच टेबलावर घेतली. मी पट्टी धरली, ठिणगीने दुसरं टोक धरलं. बाबांनी रॉकेलमध्ये टोक बुडवलं आणि रेघ ओढली. सुरुवात सुरेख. अर्ध्यावर आवाज घोगरा झाला, किरकिरला, मग पुन्हा सलग झाला. बाबांनी हिरा उचलला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

ही नजर मी ओळखत होते. ठिणगी लहान असताना कागदावर घोडे काढून आणायची आणि अशीच बघत उभी राहायची. मी कामातून मान वर न करता म्हणायचे, छान, खूप छान. मग एक दिवस तिने आणणं बंद केलं. तेव्हा मला वाटलं होतं, पोर मोठी झाली.

आताही "छान" जिभेवर आलंच होतं. बाबांना ऐकू येत नव्हतं, त्यांनी ते माझ्या ओठांवरून वाचलं असतं आणि दिवसभर पुरवलं असतं. ठिणगी माझ्याकडे बघत होती.

"मध्ये बिघडली, बाबा," मी ओठ नीट हलवत म्हटलं. "अर्ध्यावर जोर जास्त झाला. मोडणार नाही सरळ."

बाबांनी रेघेवरून बोट फिरवलं, अर्ध्यावर थांबवलं, पुन्हा मागे नेऊन तिथेच आणलं. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचे पाय एका जागी होते.

"इथे?"

"तिथेच."

"हं," ते म्हणाले आणि बाह्या वर सारल्या. "दुसरी काच आण."