शुभेच्छुक

मी एमआयडीसीत टॉवेलचा माग चालवतो. पोरगी मनाली नौदलात हाय. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, मंगळवारी आमचं जहाज निघणार, चिनी जहाजांवर नजर ठेवायला. कुणाला सांगू नका."

तोंडानं कुणालाच सांगितलं न्हाय की! शुक्रवार पेठेत, चौकात फ्लेक्स लावला. जहाजाचं नाव, वार, 'चीनला अडवायला निघालेल्या वाघिणीला शुभेच्छा'. खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो, तिच्यापेक्षा मोठा.

फ्लेक्सचा फोटो मोबाईलवरून फिरत तिच्या साहेबांकडं पोचला. जहाज तिला मागं ठेवून गेलं.

काल तिचा फोन आला. "फ्लेक्स मीच लावायला सांगितला, असं चौकशीत लिहून दिलंय. तुम्हाला त्रास नको. कुणाला सांगू नका."

ह्या टायमाला मात्र मी खरंच कुणाला सांगितलं न्हाय.