आईच्या हातातलं पॅड

जालन्याच्या स्पर्धेत रूपा हरली, ती गुणांवर. दात पडला नाही, नाकातून रक्त नाही, काही नाही. समोरची पोरगी मात्र तिन्ही राउंड खुशाल अंगावर चालून येत राहिली. आता रविवारी राज्याच्या किकबॉक्सिंग संघाची निवड होती आणि वयाच्या हिशेबानं रूपाला ज्युनिअर गटात पुन्हा संधी नव्हती. तिच्या आईला, मुक्ताबाईंना, जालन्यापासून घास गोड लागेना.

चितेगावच्या कंपनीतून सुटून त्या थेट रूपाच्या क्लासच्या हॉलवर आल्या. "सर, अजून पळवू का हिला? अंडी वाढवते. दोरीवरच्या उड्या डबल करते. तुमी फक्त सांगा."

तिचे कोच सत्यम सर, त्यांनी नकारार्थी मान हलवली. "पळणं बंद, मावशी. दोरी बंद. दम आहे तिच्यात, ताकदबी आहे. पण तिची किक लागायच्या आधीच थांबती. रविवारपर्यंत मला तेवढं एकच दुरुस्त करायचंय. घरी तिच्या किक झेलायला पॅड कोण धरतं?"

"मीच की!" मुक्ताबाई ठसक्यात म्हणाल्या. का नाही म्हणणार? रूपाच्या वजनाची दुसरी पोरगी क्लासात नव्हतीच. म्हणून मुकुंदवाडीतल्या घराच्या गच्चीवर दोन वर्षं ही बाई साडी खोचून लेकीपुढं उभी राहिली होती. गल्लीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसोत बापड्या.

सर त्यांच्या हातांकडं बघायला लागले. तेव्हा कुठं मुक्ताबाईंना मागची दिवाळी आठवली. एक किक जोरात बसली होती, मनगट मुरगळलं होतं, "आई गं!" एवढंच त्या ओरडल्या होत्या. पुढं महिनाभर कंपनीत पॅकिंगला डावा हात चालत नव्हता, पण घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. पोरीला काय कळतंय, असं वाटलं होतं. अन् पोरीनं त्या दिवसापासून रोज शंभर किक मारल्या, शंभरच्या शंभर आईला लागणार नाहीत अशा बेतानं!

हे आपणच केलं, दुसऱ्या कुणी नाही.

तेवढ्यात रूपा पॅड घेऊन आली. "आई, धर ना. सरांना दाखवू."

"सर धरतील."

"मला तुझ्यासंगंच जमतं गं."

"मला नाय जमत! लई झालं तुझं. कंटाळा आलाय मला!"

हे असं तोडून बोलल्या की सरसुद्धा चमकले. रूपानं पॅड सरांपुढं टाकलं. मुक्ताबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि जिन्यात जाऊन बसल्या. जीभ झडो माझी, असं स्वतःलाच म्हणाल्या.

आतून पॅडवर किक बसल्याचा हलकासा आवाज आला. "थांबली," सर म्हणाले. पुन्हा तसाच. "परत थांबली. राग आलाय ना? मग काढ की!"

धाड!

"अरे बाप रे," सर म्हणाले. मग धाड, धाड, धाड. मुक्ताबाई उठून दाराशी आल्या. सर मागं सरकत सरकत पार भिंतीला टेकले होते, आणि रूपा रडत रडत मारत होती.

आता वळून बघेल, असं मुक्ताबाईंना वाटलं. तिनं बघितलं नाही. त्या मनगट चोळत तिथंच उभ्या राहिल्या आणि "मार, माझे बाय, मार," म्हणत राहिल्या, लेकीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.