शेवटचं चॅनल

बाबांनी एकदा हट्ट धरला की मग प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ऐकायचे नाहीत. उद्या सकाळी सामानाची गाडी येणार होती, किल्ली नव्या मालकाच्या हातात द्यायची होती, सगळं घर खोक्यांत जाऊन बसलं होतं, आणि हा माणूस हॉलमध्ये उरलेल्या एकुलत्या एका सोफ्यावर हाताची घडी घालून ढिम्म बसला होता.

"आधी तुझ्या आईचं चॅनल परत आण," ते म्हणाले. "त्याशिवाय मी इथून हलणार नाही. मग तुझ्याकडे राहायला येणंही नाही नि काही नाही."

त्यांच्या लेकीने, मनीने, कपाळावर हात मारला.

आता ही चॅनलची भानगड सांगायलाच हवी. निवृत्त झाल्यावर बाबांना एकच खूळ लागलं, कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचं. चारचौघांसारखा साधा टीव्ही बघितला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही! टीव्हीखालच्या कपाटात त्यांनी कॉम्प्युटर बसवला, त्यात टीव्हीचं कार्ड घातलं, गच्चीवरच्या अँटेनाची वायर खाली ओढून आणली. बातम्या, मॅच, जुने फोटो, सगळं एका रिमोटवर. आई म्हणायची, "या डबड्याशीच लग्न करायचं होतंत."

मग आईला अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवं अंग गेलं, हाक मारायचीही सोय राहिली नाही. बाबांनी आतल्या खोलीत पलंगाच्या वर एक छोटासा कॅमेरा ठोकला, त्याची वायर त्याच कार्डात खुपसली आणि स्वतःच्या हाताने एक नवं चॅनल तयार केलं, सगळ्यांच्या शेवटी. बातम्या बघता बघता बटण दाबलं की पलंगावरची आई दिसायची. तिने जरा चुळबुळ केली की बाबा उठलेच.

आई गेली. कॅमेरा कोणी काढला नाही, आणि बाबा शेवटचं चॅनल बघत राहिले.

"असते ती," त्यांनी मनीला फोनवर सांगितलं होतं, दूध नासलं म्हणून सांगावं इतक्या सहज. "रोज संध्याकाळी. भिंतीकडे तोंड करून, कुशीवर. काही मागत नाही बिचारी."

ऐकून मनीने मिळेल ती गाडी पकडली. ती धावत आली, तर पलंग रिकामा, पडद्यावरही रिकामा. बाबा मात्र पडद्याकडे बघून हसत होते. त्याच सुमारास बाकीच्या चॅनलचं चित्र चौकोन चौकोन होऊन फुटायला लागलं होतं, कारण प्रक्षेपणाच्या लहरी बदलल्या होत्या. मनीने सरळ नव्याने स्कॅन लावला. जुनी चॅनल पुसू का, असं कॉम्प्युटरने विचारलं आणि तिने "हो" दाबलं. सगळी चॅनल लख्ख आली, शेवटचं तेवढं गेलं. स्कॅनला काय, अँटेनातून जे येतं तेच सापडणार. हाताने बनवलेलं चॅनल त्याच्या खिजगणतीतही नसतं.

"जगातली सगळी चॅनल आणलीस पोरी," बाबा तेव्हा म्हणाले होते, "आणि आईला घालवलंस."

खरं सांगायचं तर मनीला वाईट वाटलं नव्हतं. सुटलो एकदाचे, असंच वाटलं होतं. पण बाबांनी त्या दिवसापासून जेवण टाकल्यातच जमा होतं, आणि आता तर निघायलाच तयार नव्हते. त्यांना या घरात एकटं सोडलं तर ते फार दिवस काढणार नाहीत, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"आणते," ती म्हणाली. मनात म्हणाली, दाखवतेच. पलंग तर तिने सकाळीच सुतार बोलावून सुटा करून घेतला होता. आत नुसती फरशी होती. बघू देत डोळे भरून, म्हणजे पटेल.

ती कपाटापुढे मांडी घालून बसली. नवं चॅनल बनवलं, अँटेनाऐवजी कॅमेऱ्याची वायर निवडली. पडदा काळा, सिग्नल नाही. कपाट पुढे ओढून तिने मोबाइलच्या उजेडात मागे डोकावलं आणि धुळीने सटासट शिंकली.

"पिवळी वायर," बाबा सोफ्यावरून म्हणाले. "पिवळी म्हणतोय मी, लाल काय उपटतेस!"

"मग तुम्हीच या ना खाली!"

पिवळी वायर निसटून लोंबत होती. ती खोचल्यावर चित्र आलं, पण काळंपांढरं, आणि खालून वर सरसर पळणारं. बाबांना लगेच समजलं. "कॅमेरा जुना आहे. त्याची चित्राची पद्धत वेगळी. पुढची निवड, मग पुढची."

तिसऱ्या पद्धतीला चित्र थांबलं.

बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. बराच वेळ बघितलं.

"नाहीये," ते म्हणाले. "पलंगही नाही. नुसती फरशी."

"बाबा..."

"कळलं गं. मीच तिला सांगितलं होतं, मनी मला न्यायला येणार आहे, आता तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस. ऐकलं म्हणायचं. जन्मात पहिल्यांदा." ते रडले, मग हसले, आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. "चल, आत्ताच निघू. गाडी उद्या येऊ दे. मला आता इथे नाही झोपायचं."

ते दाराशी जाऊन चपला शोधायला लागले. मनीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. पण तिची मान पडद्यावरून वळेना.

पडद्यावर पलंग होता. पलंगावर आई होती. भिंतीकडे तोंड करून नव्हती, उताणी होती आणि वर बघत होती, थेट मनीकडे. मनीने आतल्या दारातून पाहिलं. फरशी, आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या. तिने परत पडद्याकडे पाहिलं. आई बघतच होती. आईच्या आजारपणात मनी यायची, उंबऱ्यात उभी राहायची, जेवली का म्हणून बाबांना विचारायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. त्या पलंगावर ती एकदाही टेकली नव्हती.

"मने, बंद कर ते आता," बाबा दारातून म्हणाले. "काय बघत बसलीस? काही नाहीये तिथे."

रिमोट तिच्या हातातच होता.

"बाबा," ती म्हणाली, "गाडी परवा बोलवू या का?"