उत्तरासाठी सोडलेली जागा

नर्सिंगच्या इंग्रजीची पाठ्यपुस्तकं तपासायला माझ्याकडे येतात आणि मी ती नाक मुरडत तपासते. त्यातले पेशंट इतके शहाणे असतात की यांना आजार झालाच कसा, असा प्रश्न पडावा.

या खेपेच्या पुस्तकासोबत रेकॉर्डिंग होतं. त्यातली नर्स प्रश्न विचारून थांबते आणि तेवढ्या वेळात विद्यार्थिनीनं पेशंट होऊन उत्तर द्यायचं. वेळ पुरतो का हे पाहायला मी नेहमी मनातलंच काहीतरी बोलते. छापलेलं वाचायचा मला कंटाळा.

"कुठं दुखतंय?" तिनं इंग्रजीत विचारलं. पुस्तकातल्या बाईचा पाय मुरगळला होता. मी म्हटलं, छातीत, जिना चढताना.

घरात मी याबद्दल ब्र काढला नव्हता. लेक स्वतः नर्स. परदेशातल्या नोकरीसाठी ती चार दिवसांत निघणार होती, आणि हे कळलं असतं तर तिनं बॅगा रिकाम्या केल्या असत्या. मला ते नको होतं. यंत्रापुढं बोलायला काय जातंय?

"हातही दुखतो का?" नर्सनं विचारलं.

पुस्तकात घोट्याचा प्रश्न होता. छपाई आणि रेकॉर्डिंग जुळत नाही, असा शेरा मारून मी पहिल्यापासून लावलं आणि तोंड मिटून बसले. कुठं दुखतंय, विचारून ती थांबली. थांबूनच राहिली. तिचा श्वास ऐकू येत होता.

"मघाशी सांगितलंत की," ती म्हणाली.

मी हेडफोन काढून टेबलावर टाकले. मला चांगलीच भीती वाटली.

तेवढ्यात लेक बॅगेचं कुलूप शोधत आली. "अगं, पांढरीफटक का पडलीस? इतकं भिकार पुस्तक आहे?"

"रेकॉर्डिंग बिघडलंय."

"बघू, माझा सरावही होईल." मी नको म्हणेपर्यंत तिनं हेडफोन चढवलेसुद्धा.

आधी ती हसत होती. मग इंग्रजीत म्हणाली, "हो, मी त्यांची मुलगी." हसू गेलं. ऐकता ऐकता तिनं माझं मनगट धरलं, नाडी बघताना धरते तसं.

मग तिनं हेडफोन काढले.

"आई, डावा हात दुखतो हे मला का नाही सांगितलंस?"

हाताचं मी रेकॉर्डिंगमधल्या नर्सलाही सांगितलं नव्हतं.

लेक उत्तरासाठी थांबली. टेबलावरच्या हेडफोनमधूनही आवाज येत नव्हता. तिथंही कुणीतरी थांबलं होतं.